शालनचे पाहुणे

फोन वाजला तेव्हा मी कोर्ट पुसत होतो. आमच्या जिममधला फोन भिंतीवर आहे, स्कोअर लिहिणारे बसतात त्या टेबलामागे, आणि जिम रिकामं असलं की त्याचा आवाज छपरापर्यंत जाऊन परत येतो. दुपारची वेळ होती. फेब्रुवारी संपत आला होता. मी कडेकडेने पळालो, कारण सकाळी दवाखान्यात शालनने मला बजावलं होतं, "फोनकडे कान ठेवा. बर्नचा फोन येईल. तुम्हाला एक तर ऐकू येत नाही, मग तो ठेवून देईल." म्हणून उचलल्या उचलल्या मी "येस कोच" म्हणालो. पलीकडून बाईचा आवाज आला. तिने माझं पूर्ण नाव विचारलं आणि मग ती थांबली... शालनने जन्मभर नर्सची नोकरी केली, असे फोन तिनेच कितीतरी केले होते. ती सांगायची, नाव विचारून नर्स थांबली की समजायचं. मी समजलो. फोन ठेवला, वळून बघतो तर अर्धं कोर्ट ओलं, अर्धं कोरडं. मी उरलेलं पुसून घेतलं आणि मग दवाखान्यात गेलो. लोकांना ते चमत्कारिक वाटलं. पण लाकडावर पाणी तसंच ठेवलं तर लाकूड फुगतं, आणि ती काही आता घाई करा म्हणणार नव्हती.

याला काही आठवडे झाले. मराठी पेपरच्या पुरवणीत, गेलेल्या माणसांवर लिहून येतं ते मी वाचतो. त्यात माणूस गेला की लगेच देव होतो. शालन देव नव्हती. तापट होती, हट्टी होती, माझ्या इंग्रजीला चारचौघांत हसायची. मिरजेला मी पिठाच्या गिरणीवर होतो. ती नर्सिंग शिकत होती आणि दळण घेऊन यायची. सातवीत शाळा सोडलेल्या गिरणीवाल्याशी लग्न केलं म्हणून तिच्या दोन्ही भावांनी तिचं नाव टाकलं. त्यांचं गाव तासाभराच्या अंतरावर, पण आमच्या उंबऱ्याला त्यांचे पाय कधी लागले नाहीत. भाऊबीजेला ती ताट करायची, पाटाभोवती रांगोळी काढायची, अंधार पडेपर्यंत रस्त्याकडे बघायची आणि मग चंद्राला ओवाळून ताट आत न्यायची. पुढे अमेरिकेत नर्सा पाहिजेत म्हणून बोलावणं आलं आणि तिच्या नोकरीच्या जोरावर आम्ही पेनसिल्व्हेनियातल्या या खाणीच्या गावात आलो. ती दवाखान्यात, मी त्याच्या समोरच्या कॉलेजात जिमच्या साफसफाईला. आम्हाला मूल झालं नाही. इथल्या मराठी बायका म्हणतात, काकूंना बास्केटबॉलची पोरं म्हणजे पोटच्या पोरांसारखी. ते खोटं आहे. शालन त्या जिममध्ये पोरं शोधत नव्हती. तिला माहेर पाहिजे होतं. आपल्या दारात कुणीतरी पाहुणा म्हणून यावं, जेवावं आणि पुन्हा येतो म्हणून जावं, एवढंच तिला पाहिजे होतं, आणि तेवढंच मिरजेत मिळालं नव्हतं.

गाडी मी चालवायचो, तिला ती कधी जमली नाही. ड्यूटी संपली की ती रस्ता ओलांडून जिममध्ये यायची आणि माझं काम उरकेपर्यंत लाकडी बाकड्यांवर लोकर विणत बसायची. समोर पोरांची प्रॅक्टिस चाललेली असायची. पहिल्या हिवाळ्यात तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. "अहो, टोपलीला बूडच नाही, मग चेंडू राहणार कशात?" असं तिने एकदा मोठ्याने विचारलं आणि मी ते आमच्या कोचला, डेव्हला, माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. डेव्ह म्हणाला, "त्यांना सांग, मलाही हाच प्रश्न पडतो, आमचा चेंडू तर टोपलीत जातच नाही." तेव्हापासून दोघांचं जमलं. हळूहळू तिला खेळ कळायला लागला. कोण लंगडतोय ते डेव्हच्या आधी तिला दिसायचं. पण खेळापेक्षा तिचं लक्ष बाहेरून येणाऱ्या टीमकडे असायचं. त्यांची बस पार्किंगमध्ये वळली की विणकाम थांबायचं. अनोळखी जागी आलेली पोरं दारातून आत येताना जरा अवघडतात, ते ती बघत बसायची.

मग तो शनिवार आला. नदीपलीकडच्या कॉलेजची टीम आली होती, त्यांचा कोच बर्न तेव्हा तरुण होता, हरला की तोंड फुगवून बसायचा. दुपारची मॅच, आम्ही जिंकलो, आणि मॅच संपते तोवर बाहेर एवढा बर्फ साचला की त्यांची बस जागची हलेना. पोलिसांनी रस्ता बंद केला. त्यांची सगळी पोरं आपापल्या पिशव्यांवर बसून राहिली. शालन माझ्याकडे आली.

"यांच्या खाण्याचं काय?"

"त्यांचं कॉलेज बघेल. आपल्याला काय करायचंय?"

"दारात आलेली माणसं उपाशी बसलीत आणि कॉलेज बघेल? तुम्ही गाडीची चावी द्या."

आदल्याच दिवशी आम्ही स्टेट कॉलेज नावाच्या गावाला जाऊन आलो होतो. तिकडे युनिव्हर्सिटीत शिकणारी आपली पोरं राहतात, त्यांच्यासाठी एकाने घरातच थोडंफार वाणसामान ठेवलेलं होतं. हिंग, मोहरी, हळद, मिरच्या सगळं डिकीतच पडलं होतं. कॉलेजच्या मेसमधून मी बटाट्याचं पोतं ओढून आणलं. पॉपकॉर्न विकायच्या खोलीत शेगडी होती आणि हॉट डॉगचे पाव होते. तिने बटाट्याची भाजी केली आणि पावात भरून एकेकाच्या हातात दिली. आमची पोरंही आंघोळी करून, केस ओले तसेच, रांगेत येऊन उभी राहिली. तिने त्यांना हाकललं. मार्विन म्हणून आमचा सगळ्यात उंच खेळाडू होता, तो तिच्या डोक्यावरून वाकून म्हणाला, "काकू, जिंकलो आम्ही, आणि जेवण त्यांना?"

"यू होम पीपल," शालन म्हणाली. "होम पीपल लास्ट. गो, सिट."

"म्हणजे हरलो असतो तर?"

"तरी लास्टच. पातेलं घासायला मदत कर, मग बघते."

बर्नने पहिला घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. पाणी प्यायला, नाक पुसलं आणि दुसरा पाव मागितला. रात्री रस्ता मोकळा झाल्यावर निघताना म्हणाला, "मॅडम, पुढच्या वर्षी आम्ही तुम्हाला हरवलं तरी देणार का हे?" ती म्हणाली, "हरवा ना. मग दोन मिरच्या जास्त घालीन." तो पहिल्यांदा हसला. आम्ही गाडीने घरी निघालो. काचेवर बर्फ येत होता आणि ती हाताचा वास घेत होती, हिंगाचा. नंतर एकदम म्हणाली, "पुढच्या वर्षी म्हणाला ना तो? तुम्ही ऐकलंत ना?"

आता ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथे कॉलेजं कुणाशीही उठून खेळत नाहीत. आठ-दहा कॉलेजं मिळून एक गट करतात, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. गटातल्या प्रत्येकाने एकदा दुसऱ्याकडे जायचं, एकदा त्याला आपल्याकडे बोलवायचं, दर हिवाळ्यात. मी शालनला सांगितलं होतं, ही बांधलेली सोयरीक आहे. सगळी कॉलेजं जवळपासची, बसने सकाळी निघून रात्रीपर्यंत घरी. या गावातल्या खाणवाल्यांचे मामे-मावसभाऊ पलीकडच्या गावात, त्यामुळे मॅचला दोन्हीकडची माणसं यायची आणि बाकड्यांवर एकमेकांची उणीदुणी काढायची. आमचं कॉलेज त्या गटात सगळ्यात लहान. आम्ही मोठ्यांकडे मार खायचो, पण आमच्याकडे त्यांना यावंच लागायचं. नियमच होता तसा. त्या नियमावर शालनचं माहेर उभं होतं. बर्फाच्या त्या शनिवारनंतर प्रत्येक टीमला मॅच झाली की बटाट्याचा पाव मिळायचा, पाहुणे आधी, घरचे मागून. पुढे पुढे डेव्ह प्रॅक्टिसला पोरांना दम भरायचा, "नीट पळा, नाहीतर पुढच्या वेळी पाहुण्यांच्या दाराने आत आणीन तुम्हाला." पोरं म्हणायची, "आणा, आणा." पाहुण्यांचे कपडे बदलायची खोली ती स्वतः बघायची. मी पुसलेली जमीन ती पुन्हा पुसायची. मला राग यायचा. हीटर मॅचच्या आधी तासभर चालू करायला लावायची. "घाम आलेल्या अंगाने थंड खोलीत जातील, आजारी पडतील." मी म्हणायचो, "आजारी पडले तर आपण जिंकू." ती म्हणायची, "पाहुण्याला आजारी पाडून जिंकणारं घर आहे का हे?"

असे बरेच हिवाळे गेले. ऐंशी साल उलटलं आणि घरोघर केबल टीव्ही आला. मला वाटलं, लोकांना घरबसल्या मॅच दिसतील, बरं झालं. पण टीव्हीवाल्यांना मोठ्या शहरांची, मोठ्या नावांची कॉलेजं पाहिजे होती, आणि मोठ्या कॉलेजांनी त्यांच्यासाठी नवे मोठे गट करायला घेतले. जे गट खूप मोठे नव्हते ते आमच्यासारख्या लहान गटांतली चांगली चांगली कॉलेजं उचलायला लागले. आमच्या गटातलं सगळ्यात मोठं कॉलेज आधी गेलं. त्याच्या मागोमाग आणखी एक. आणि एका वसंतात डेव्हने बाकड्यावर शालनच्या शेजारी बसून सांगितलं, की बर्नचं कॉलेजही चाललं. तिने सुया खाली ठेवल्या.

"म्हणजे काय चाललं? कॉलेज जागेवरच आहे ना?"

"कॉलेज जागेवरच आहे, काकू. गट बदलला. आता त्यांना गटातल्यांशी खेळायचं, ते सगळे लांबचे, मोठे."

"मग आपल्याकडे?"

डेव्ह माझ्याकडे बघायला लागला. सांगायचं माझ्यावर आलं. मी म्हणालो, "नाही येणार, शालन. सोयरीक मोडली. मोठ्या घराचं स्थळ आलं, ते गेले." ती माझ्यावरच भडकली. "तुमच्या तोंडाला काही हाड? मोडली काय, मोडली?" तिने सुया उचलल्या पण टाके घातले नाहीत, नुसत्या धरून बसली. पुढच्या आठवड्यात बर्न स्वतः गाडी चालवत आला. नदीच्या पुलावरून तासाभराचा रस्ता. आमच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला, "काकू, गट बदलला तरी गटाबाहेरची मॅच खेळता येते. आम्ही येऊ. मी बघतो." तो मनापासून बोलला, मी त्याचं तोंड बघत होतो. पण कोचच्या बोलण्याने काय होतं? वेळापत्रक वर ठरतं, आणि मोठ्या घरातल्या माणसाला लहान घराच्या जिममध्ये येऊन हरायची भीती असते. जिंकला तर नाव नाही, हरला तर हसं. डेव्हने मला हे नंतर समजावलं. शालनला समजावायची त्याची हिंमत झाली नाही.

उरलेल्या कॉलेजांनी मिळेल त्याला धरून गट जोडला. एक ओहायोच्या पलीकडचं, एक वर बर्फाच्या सरोवराजवळचं, एक खाली दक्षिणेला. पोरं बसमध्ये दिवस दिवस बसायची आणि वर्गात पेंगायची. येणाऱ्या टीमचंही तेच. त्यांना परतीचा रस्ता एवढा लांब की मॅचची शिट्टी झाली, आंघोळ केली न केली आणि निघाले. त्यांच्या बसचं इंजिन बंदच व्हायचं नाही. शालन पहिल्या मॅचला पातेलं घेऊन दारात उभी राहिली. त्यांचा कोच घड्याळ बघत बाहेर आला, तिला बघून थबकला, "नो थँक यू, मॅम" म्हणाला, पोरांना मोजत मोजत बसमध्ये चढवलं. शेवटच्या पोराने वळून वास घेतला, एवढंच. बस गेली. ती धुरात उभी होती, पातेलं दोन्ही हातांत धरून. मी म्हणालो, आण इकडे, आपली पोरं खातील. ती म्हणाली, "पाहुण्यांच्या आधी कसं खातील?" त्या दिवशी कुणीच खाल्लं नाही. पुढच्या मॅचला तिने तेवढंच केलं, त्याच्या पुढच्याला तेवढंच. मी सांगून थकलो. गावातले लोक यायचे बंद झाले, कारण समोरच्या टीममध्ये कुणाचा मावसभाऊ नव्हता आणि ज्याचं नाव कधी ऐकलं नाही त्याच्याविरुद्ध ओरडायचं तरी काय. मग हुशार पोरं दुसरीकडे जायला लागली. मग आम्ही मोठ्या युनिव्हर्सिट्यांकडे नुसता मार खायला जायला लागलो, त्यांनी बोलवायचं, आम्ही हरून यायचं आणि त्या बदल्यात मिळालेल्या पैशांवर सीझन चालवायचा. मार्विन कधीच शिकून गेला होता, तो एकदा गावी आला असताना अर्धी मॅच बघून उठला. बाहेर मला म्हणाला, "काका, हे बघवत नाही. इथे भुतं खेळतात असं वाटतं." मी त्याला म्हणालो, "तुझ्या काकूसमोर बोलू नको."

शालनला पोटाचा आजार निघाला गेल्या उन्हाळ्यात. नर्स होती, तिला रिपोर्ट वाचून दाखवावा लागला नाही. स्वतःला अन्न जात नव्हतं आणि शरद ऋतूत सीझन सुरू व्हायच्या आधी पोतंभर बटाटे आणा म्हणून माझ्यामागे लागली. त्याच सुमाराला कॉलेजने जाहीर केलं की हा हिवाळा झाला की बास्केटबॉल बंद. डेव्ह रडला. शालन नाही रडली. तिने बर्नला फोन लावला, माझ्यासमोर, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे काही मागितलं. म्हणाली, "बर्न, एकदा ये. टीम घेऊन ये. बंद व्हायच्या आधी एकदा आमच्याकडे खेळून जा." तो हो म्हणाला. डिसेंबरातली तारीखही ठरली. त्या तारखेच्या आधी डेव्हला फोन आला की टीव्हीवाल्यांनी त्यांची दुसरी मॅच सरकवली आणि आमची रद्द झाली. डेव्ह माझ्याकडे आला, मी सरळ घरी जाऊन तिला सांगितलं. मला वाटलं ती भडकेल. ती उशीला टेकून बसली आणि म्हणाली, "त्यांच्याकडे मोठं कार्य असेल. मोकळा झाला की येईल. तुम्ही खोली तयार ठेवा." भाऊबीजेला भाऊ आले नाहीत की मिरजेतही ती हेच म्हणायची, अगदी याच आवाजात... पेरणी असेल, गुरं असतील, पुढच्या वर्षी येतील.

दवाखान्यातही तिचं तेच चाललं. सलाईन लावलेल्या हाताने मला विचारायची, हीटर लावला का, आरसा पुसला का. मी खोटं बोललो नाही. रोज हीटर लावायचो, रोज आरसा पुसायचो. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मग तो फोन आला.

अग्नी इथे विजेच्या बटणाने देतात, ते बटण मी दाबलं. दहाव्याचं काय करायचं हे मला माहीत नव्हतं. केळकर म्हणून इंजिनियर आहेत, इथल्या मराठी घरांतली पूजा-लग्नं तेच लावतात, ते बायकोसकट आले. कॉलेजच्या मागे ओढा आहे, अर्धा गोठलेला. तिथे सपाट दगडावर आम्ही भाताचा पिंड ठेवला. डेव्ह आला होता, दवाखान्यातल्या नर्सा होत्या, शेवटच्या टीममधली काही पोरं हात मागे बांधून उभी होती. बर्नही आला, काळा कोट घालून, सगळ्यांच्या मागे. हिवाळ्यात या गावात कावळे मायंदाळ असतात, पानं गेलेल्या झाडांवर काळे घोस लटकल्यासारखे दिसतात. त्यातला एक खालच्या फांदीवर येऊन बसला आणि पिंडाकडे बघत राहिला.

वेळ गेला. कावळा उतरेना. केळकर हळूच म्हणाले, "काका, काकूंची काहीतरी इच्छा राहिली असेल. मनातलं बोला, पुरी करतो म्हणा." केळकरवहिनी पुढे झाल्या, "काकू, काकांच्या जेवणाखाण्याचं आम्ही बघू, काळजी करू नका." कावळा दुसऱ्या फांदीवर गेला. एका नर्सने काहीतरी सांगितलं. पोरांना काय चाललंय ते डेव्हने समजावलं, मग डेव्ह स्वतः दगडाजवळ जाऊन म्हणाला, "काकू, आम्ही टीम पुन्हा उभी करू." कावळा खाली आला. दगडाच्या काठावर बसला, दोन उड्या मारल्या आणि थांबला. डेव्ह खोटं बोलला होता. मला कळलं तर कावळ्याला का नाही कळणार?

मग हळूहळू सगळे मागे वळून बर्नकडे बघायला लागले. कुणी ठरवलं नव्हतं. त्याने केळकरांना विचारलं, मी काय म्हणायचं असतं? केळकरांनी त्याला इंग्रजीत सांगितलं, म्हणायचं असतं की तुमची इच्छा होती ते मी करीन. बर्नने टोपी काढली. केस पिकलेत त्याचे आता. ओढ्याच्या बर्फाखालून पाणी वाहत होतं तेवढाच आवाज होता. तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "मला तसं म्हणता येणार नाही. कॉलेज टीम बंद करतंय, आमचं वेळापत्रक माझ्या हातात नाही. एकदा तिला हो म्हणालो आणि आलो नाही. तिच्यासमोर पुन्हा हो नाही म्हणणार." तो बोलत असतानाच कावळा उडाला. बाकीचेही उडाले, सगळं झाड एकदम रिकामं झालं.

केळकरांनी पिशवीतून दर्भ काढला. कावळा शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात, शास्त्रात आहे म्हणाले. त्यांची बोटं गारठली होती तरी गवताला चोच करायला लागले होते. मी म्हणालो, ठेवा ते. "काका, असं अर्धवट सोडत नाहीत." मी म्हणालो, "राहू द्या अर्धवट." वहिनी रडायला लागल्या. घरी जेवणं झाली, मी स्वतः वाढलं. बर्नला आधी बसवलं. तो म्हणाला, तुम्ही बसा ना. मी म्हणालो, आम्ही घरचे. जाताना दारात मला विचारलं, "मी चुकलो का?" मी नाही म्हणालो आणि त्याच्या कोटाची कॉलर नीट केली, ती दुमडली होती.

टीम बंद झाली. जिमचं काय करायचं हे कॉलेजचं ठरत नाही, तोवर किल्ली माझ्याकडे आहे. कामाला कुणी सांगत नाही तरी मी जातो. पाहुण्यांच्या खोलीतलं एक कपाट तिने मसाल्यासाठी घेतलं होतं, डबे मी घरी आणले, पण हीटर तापला की खोलीभर अजून हिंग येतो. एक दिवस आत बाकड्यावर बसलो होतो, बाहेर कोर्टावर चेंडू आपटल्यासारखा वाटला. गेलो नाही बघायला. मला एक तर नीट ऐकू येत नाही, आणि गेलो असतो तर कोर्ट रिकामंच दिसलं असतं. बसून राहिलो... मग तो आवाज थांबला.

केळकरांचा अधूनमधून फोन येतो. म्हणतात, काका, त्यांचा जीव घुटमळत असेल, अजूनही करता येईल, महिन्याच्या श्राद्धाला दर्भाचा कावळा करून मोकळं करू त्यांना. चांगला माणूस आहे, मी त्यांना बघू म्हणतो. पण इथे लिहितो ते खरं लिहितो. बर्न आमच्या जिममध्ये कधी येणार नाही, ते मला ठाऊक आहे, तिला आता ठाऊक झालं असेल. तरी ती वाट बघत असणार, आणि वाट बघायला ती दुसरीकडे कुठे जाणार? त्या दिवशी ओढ्यावर सगळे बर्नकडे बघत होते तेव्हा मीही बघत होतो, आणि त्याने तोंड उघडलं तेव्हा मी घाबरलो. मला वाटलं, हा आता भिडेला पडून हो म्हणतोय, आणि याचं हो ती नेहमीच खरं धरत आलीय. म्हणाला असता तर कावळा शिवला असता, आणि शालन गेली असती.